प्रस्तावना : आपल्याच वाफेवर

ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना या पुस्तकातले अर्धे आधीच ठाऊक आहे. वाटीत थोडे स्पिरिट पेटवून बर्नर तापवायचा, दोन-चार पंप मारायचे, आणि तापलेल्या नळीतून वर चढणारे रॉकेल वाफ होऊन नोझलच्या सुईएवढ्या भोकातून सुसाटत बाहेर पडायचे. ती घरघर जेवढी ज्योतीची, तेवढीच त्या झोताची. बाहेर पडता पडता हा झोत भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घ्यायचा, दोघे मिसळायचे आणि निळी ज्योत धरायची. हवेसाठी वेगळा भाता नव्हता, पंखा नव्हता. पंप मारायचा तो टाकीतले रॉकेल वर चढावे म्हणून. हवा खेचायचे काम रॉकेल स्वतःच्या वाफेवर करायचे. भोकात काजळी अडकली की आई पिन घालायची. पिन घालून घालून भोक मोठे झाले की ज्योत पिवळी पडायची आणि भांडी काळी व्हायची. नोझल झिजले म्हणजे काय होते, हे पुढे कारखान्यात मला कोणाला शिकवावे लागले नाही.

या पुस्तकाचा विषय म्हणजे त्या झोताचा कारखान्यातला थोरला भाऊ. फरक एवढाच की स्टोव्हला हवा ज्योतीसाठी हवी असते, आणि आम्हाला ती नको असते म्हणून खेचून काढायची असते. रिअ‍ॅक्टरमध्ये किंवा ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्ये व्हॅक्यूम धरण्यासाठी वेगवान वाफेचा झोत वापरणाऱ्या या उपकरणाला पुस्तकात जेट पंप म्हणतात. प्लांटवर कोणी इजेक्टर म्हणते, कोणी नुसते जेट, आणि पहिल्या टप्प्यातल्या लांबलचक जेटला बूस्टर. बहुतेक ठिकाणी हा झोत पाण्याच्या वाफेचा, म्हणजे स्टीमचा असतो. काही ठिकाणी मात्र तो प्लांटमध्येच वापरात असलेल्या द्रवाच्या वाफेचा असतो: ग्लायकॉलच्या, फिनॉलच्या, क्लोरोबेन्झिनच्या. मला सांगायचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. शॉपफ्लोअरवर पाण्याची ती ‘स्टीम’ आणि बाकी सगळ्यांचे ‘व्हेपर’ असा भेद पक्का झालेला असतो, आणि त्यामुळे ग्लायकॉलवर चालणारा जेट म्हणजे काहीतरी निराळेच यंत्र आहे असे नव्या मुलांना वाटत राहते. मराठीत दोन्हींना वाफच म्हणतात. इथे मराठीचे बरोबर आहे.

उपकरणाची रचना इतकी साधी की ते पहिल्यांदा उघडून पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एक नोझल, त्याभोवती सक्शनची पेटी, पुढे आधी निमुळता होत जाणारा आणि मग पुन्हा रुंदावणारा एक पाइप, ज्याला डिफ्यूझर म्हणतात. हलणारा भाग एकही नाही. बेअरिंग नाही, सील नाही, मोटर नाही. सगळी करामत नोझलच्या आतल्या आकारात आहे. ते आधी अरुंद होते, मग रुंद होते. पाइप अरुंद झाला की वेग वाढतो आणि रुंद झाला की कमी होतो, हा आपला रोजचा अनुभव. पण वायूने ध्वनीचा वेग ओलांडला की हा नियम उलटतो आणि रुंद होणाऱ्या भागातच वेग आणखी वाढत जातो. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८८०च्या दशकाच्या शेवटी आपल्या टर्बाइनसाठी हे नोझल वापरले, म्हणून त्याला त्याचे नाव. स्टीम अशा नोझलमधून सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडते. तिचा दाब तोवर पार उतरलेला असतो. दाबाचे सगळे भांडवल वेगात गेलेले असते. सक्शनच्या पेटीतली वाफ आणि हवा या झोतात ओढली जाते, मिसळते, आपला वेग त्याच्या वेगात मिळवते. पुढे डिफ्यूझरमध्ये हा वेग पुन्हा दाबात बदलतो. आत शिरताना वायूचा जो दाब होता त्याच्या पाच-दहापट दाबावर मिश्रण बाहेर पडते.

यातून एक गोष्ट निघते जी सुरुवातीला पटत नाही. नोझलमधून जाणारी वाफ त्याच्या घशाच्या आकाराने आणि मागच्या दाबाने बांधलेली असते. पुढे व्हॅक्यूम कितीही खोल गेला तरी ती वाढत नाही आणि व्हॅक्यूम पडला तरी कमी होत नाही. म्हणून व्हॅक्यूम पडला की स्टीमचा व्हॉल्व्ह आणखी उघडायचा, ही आमच्याकडची जुनी सवय बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते, आणि कधीकधी उलट अंगावर येते: जास्तीची वाफ डिफ्यूझरचा घसा भरून टाकते आणि खेचायच्या वायूला वाट उरत नाही. याउलट स्टीमचा दाब ठरलेल्या किमतीच्या खाली गेला तर जेट हळूहळू कमजोर होत नाही, तो एकदम कोसळतो. काटा स्थिर असतो, स्थिर असतो, आणि मग वेड्यासारखा नाचू लागतो.

इतिहासात फार शिरत नाही, पण तो रंजक आहे. १८५२ मध्ये पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर वायुनौका उडवणारा फ्रेंच अभियंता आंरी जिफार याने १८५८ मध्ये इंजेक्टरचे पेटंट घेतले. बॉयलरचीच वाफ घेऊन, तिच्या झोताने त्याच बॉयलरमध्ये पाणी ढकलायचे, असा तो प्रकार. ऐकणाऱ्यांना तो थापाड्या वाटला असेल तर नवल नाही. झोताने पाणी ढकलता येते तर हवाही खेचता येईल, हे पुढचे पाऊल रेल्वेने टाकले. वाफेच्या इंजिनावर एक इजेक्टर बसवलेला असायचा. तो सगळ्या गाडीखालून जाणाऱ्या नळीतली हवा काढून व्हॅक्यूम धरायचा, आणि त्या व्हॅक्यूममुळे ब्रेक चाकांपासून सुटलेले राहायचे. डब्यातली साखळी ओढली की नळीत हवा शिरायची आणि ब्रेक लागायचे. भारतात व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या अनेक दशके धावल्या, म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी इजेक्टरच्या भरवशावर किती प्रवास केला याची गणती नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने आणि फ्रान्समध्ये मॉरिस लब्लांने वीजघरांतल्या कंडेन्सरसाठी स्टीमचे जेट वापरात आणले, आणि तिथून ते साऱ्या कारखान्यांत पसरले.

माझ्या विषयाचा खरा पूर्वज मात्र प्रयोगशाळेत जन्मला. १९१५ मध्ये जर्मनीत वोल्फगांग गेडे याने आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर याने पाऱ्याच्या वाफेवर चालणारे पंप बनवले. तळाशी पारा उकळायचा, त्याची वाफ हवेचे रेणू खाली ढकलत न्यायची, थंड भिंतीला लागून पुन्हा पारा व्हायची आणि ओघळून तळाशी यायची. तोच पारा पुन्हा उकळायचा. बाहेरून काही घातले नाही, बाहेर काही सांडले नाही. पुढे पाऱ्याच्या जागी तेल आले. या छोट्याशा पंपातली कल्पना कारखान्याच्या मापाला आणली की हे पुस्तक तयार होते.

आता स्टीम सगळीकडे उपलब्ध असताना दुसऱ्या कशाची वाफ कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर झोतात सापडत नाही. झोतानंतर काय होते त्यात सापडते. जेटमध्ये खेचणारा आणि खेचला जाणारा शेवटी एकाच पाइपमधून बाहेर पडतात. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला निदान वाण तरी आपला राखता येतो, इथे तेही नाही. स्टोव्हमध्ये याची अडचण नव्हती, कारण दोघांना मिळून जळायचेच होते. कारखान्यात दोघांना पुन्हा वेगळे करावे लागते. स्टीमच्या जेटने रसायनाची वाफ खेचली की पुढे कंडेन्सरच्या तळाशी जे जमते ते रसायन मिसळलेले पाणी असते, आणि ते कोणालाच नको असते. प्रोसेसला ते परत घेता येत नाही आणि नाल्यात सोडता येत नाही. स्टीमच्या जेटवर चालणाऱ्या किती प्लांटांच्या हॉटवेलजवळ, म्हणजे हे पाणी साठते त्या टाकीजवळ, मी नाकाला रुमाल लावून उभा राहिलो आहे.

साखर कारखान्यात ही अडचण नाही. तिथे खेचली जाणारी वाफ उसाच्या रसातल्या पाण्याचीच असते, खेचणारी स्टीमही पाण्याची. पॅनमध्ये व्हॅक्यूम असल्यामुळे पाक पासष्ट अंशांच्या आसपास उकळतो आणि साखर करपत नाही. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास काढलेली ही युक्ती आजही आपल्या प्रत्येक सहकारी कारखान्यातला पॅनमन वापरतो. लुइझियानात नॉर्बर्ट रिल्यू याने १८४० च्या दशकात एका बॉडीतून निघालेल्या वाफेवर दुसरी बॉडी उकळायची पद्धत बसवली, आणि पुढे थर्मोकंप्रेसर नावाचा जेट आला. तो रसाची हलकी वाफ खेचून, थोडी ताजी स्टीम मिसळून तिला पुन्हा तापवण्याच्या कामाला लावतो. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाने हे लक्षात ठेवावे: खेचणारी आणि खेचली जाणारी वाफ एकाच कुळातली असेल तर जेट किती सोज्ज्वळ वागतो, याचे उदाहरण त्याच्या गव्हाणीपासून दोनशे पावलांवर उभे आहे.

प्रोसेसच्या वाफेवर चालणाऱ्या जेटची गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी पुस्तक लिहिले नसते. सांडपाण्यावर एक लेख पुरला असता. दुसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. त्यासाठी आधी हे मान्य करावे लागेल की अशा व्यवस्थेत खरा पंप जेट नसतोच, कंडेन्सर असतो.

हिशेब करून पाहू. पॉलिस्टरच्या शेवटच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे फिनिशरमध्ये, तापमान २८० अंशांच्या आसपास आणि दाब एक मिलिबारच्या आसपास असतो. वातावरणाच्या दाबाचा हा हजारावा भाग. या अवस्थेत एक किलो ग्लायकॉलची वाफ सुमारे ७४० घनमीटर जागा व्यापते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सात मीटरहून उंच असा एक हॉल डोळ्यांपुढे आणा. तो भरायला एक किलो पुरतो. हीच वाफ थंड करून द्रव केली की ती एका लिटरच्या बाटलीत बसते आणि वर जागा उरते. एवढा मोठा हॉल क्षणात रिकामा करणारे दुसरे यंत्र कोणते? जेटने हे सगळे खेचायचे ठरवले तर तो घराएवढा करावा लागेल. म्हणून शहाणा डिझायनर आधी कंडेन्सर लावतो, आणि जेटकडे फक्त द्रव न होणारा उरलासुरला भाग पाठवतो: गळतीतून शिरलेली हवा, थोडे पाणी, थोडे अ‍ॅसिटाल्डिहाइड.

आता कंडेन्सर कशाने थंड करायचा? आपल्याकडे कूलिंग टॉवरचे पाणी उन्हाळ्यात ३२ अंशांच्या आसपास असते. ३२ अंशांना पाण्याचा स्वतःचाच बाष्पदाब ४८ मिलिबारच्या घरात असतो. म्हणजे स्टीम या पाण्यावर थंड करायची तर दाब पन्नास-साठ मिलिबारच्या खाली असून चालतच नाही; त्याखाली स्टीम द्रव व्हायला राजीच नसते. एक मिलिबारपासून तिथवर पोहोचायला स्टीमच्या जेटचे दोन टप्पे लागतात, एकामागे एक, मध्ये कंडेन्सर न ठेवता. पहिल्या बूस्टरने वापरलेली सगळी स्टीम दुसऱ्या बूस्टरला वाहून न्यावी लागते. तिच्यासाठी दुसऱ्याला आणखी स्टीम लागते. पालखीच्या भोयांना खांद्यावर घेऊन जाणारे दुसरे भोई, असा हा प्रकार. स्टीमच्या जेटवर खोल व्हॅक्यूम महाग पडतो तो मुख्यतः या दोन टप्प्यांमुळे.

ग्लायकॉलचे तसे नाही. ते वातावरणाच्या दाबाला १९७ अंशांवर उकळते, आणि ४० अंशांना त्याचा बाष्पदाब अर्ध्या मिलिबारच्या आसपास असतो. त्याच तापमानाला पाण्याचा ७४ मिलिबार. जवळपास दीडशेपट फरक. थंड ग्लायकॉलचा फवारा मारून एक मिलिबारच्या जवळही ग्लायकॉलची वाफ द्रव करता येते. म्हणून फिनिशरच्या तोंडाशीच फवाऱ्याचा कंडेन्सर बसवता येतो, आणि त्यापुढच्या जेटचा झोतही ग्लायकॉलच्याच वाफेचा ठेवला तर पहिल्या टप्प्यातून बाहेर पडताच ती वाफ पुढच्या कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जाते. कोणाला कोणाचे ओझे वाहावे लागत नाही. शेवटी उरलेली हवा काढायला लिक्विड रिंग पंप असतो. त्यातले रिंगचे द्रवही पाण्याऐवजी ग्लायकॉल ठेवता येते. साऱ्या साखळीत बाहेरचा पाहुणा कोणी नाही.

वाफ, फवारा, रिंगचे द्रव सगळे ग्लायकॉल, आणि ग्लायकॉल हाच पॉलिस्टरचा अर्धा कच्चा माल. व्हॅक्यूमच्या कामातून बाहेर पडलेले ग्लायकॉल पुढे टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिडबरोबर पेस्ट बनवायला वापरता येते. पंप चालवायला जे वापरले तेच शेवटी धाग्यात जाते.

पॉलिस्टरला व्हॅक्यूम का लागतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा पदार्थ बनवला. टेरिलीन, टेरिकॉट ही आपल्या घरातली नावे तिथूनच आली. पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. रसायनशास्त्र सगळीकडे एकच. दोन छोट्या साखळ्या जोडल्या गेल्या की प्रत्येक जोडामागे ग्लायकॉलचा एक रेणू सुटतो. तो तिथेच राहिला तर तो परत येऊन जोड तोडतो. साखळी लांब व्हायची, कपड्याच्या धाग्यासाठी शंभर-एक कड्यांची, तर सुटलेले ग्लायकॉल सतत काढत राहिले पाहिजे. काढायचे कुठून, तर पाकासारख्या घट्ट, तापलेल्या, चिकट द्रवाच्या पोटातून. म्हणून व्हॅक्यूम. एक मिलिबारचा दोन मिलिबार झाला की पुढच्या चिपची, म्हणजे पॉलिस्टरच्या दाण्यांची, व्हिस्कॉसिटी पडते, आणि ती पडली की धागा ओढणाऱ्या यंत्रावर तुटतुटी सुरू होते. फिनिशरच्या व्हॅक्यूमचा काटा दिवसातून शंभर वेळा पाहणाऱ्या माणसाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एक रात्र सांगतो. कारखान्याचे नाव सांगणार नाही; आता तिथे दुसरी माणसे आहेत आणि चूक आमची होती. तिसरी पाळी. फिनिशरचा दाब सव्वावर असायचा तो दोनवर आला, मग अडीचवर. मी नवा शिफ्ट इंजिनिअर. पुस्तकात वाचले होते तसे सगळे केले. ग्लायकॉल इव्हॅपोरेटरचा दाब पाहिला, ठीक होता. गळती असेल म्हणून फ्लँज तपासले. दुसऱ्या जेटवर बदली केली, काही फरक नाही. व्हेपर लाइनच्या तोंडाशी ऑलिगोमर साचून पांढरा थर धरतो, तो खरवडला. पहाटे तीनला दाब तीनवर पोहोचला आणि लॅबमधून व्हिस्कॉसिटीचे आकडे येऊ लागले तसे मला घाम फुटला. नोझल काढून पाहायची परवानगी मागायला मी फोन उचलत होतो, तेवढ्यात फिल्डवरचे काका आत आले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत असू; निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

‘‘साहेब, सील टाकीची पातळी बघितली का?’’

कंडेन्सरमधले ग्लायकॉल खाली जिथे उतरते ती ही टाकी. बघितली होती. थोडी वर होती. त्यात काय.

‘‘नव्या ग्लायकॉलचा व्हॉल्व्ह संध्याकाळपासून बंद आहे. मीच बंद केलाय. आपण घालत काही नाही आणि टाकी तर भरतेय. मग येतंय कुठनं?’’

फवाऱ्याचे ग्लायकॉल थंड करणाऱ्या कूलरमध्ये एका ट्यूबला बारीक छिद्र पडले होते, आणि कूलिंग टॉवरचे पाणी ग्लायकॉलमध्ये शिरत होते. लॅबने कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजले, एका टक्क्याच्या पुढे. एक टक्का म्हणजे काय मोठेसे, असे मला वाटले होते. नंतर शांतपणे हिशेब केला. शंभर किलो ग्लायकॉलमध्ये एक किलो पाणी, पण पाण्याचा रेणू हलका (ग्लायकॉलचा ६२, पाण्याचा १८), म्हणून रेणूंच्या मोजणीत ते प्रत्येक शंभरात तीन-साडेतीन भरते. ४० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ७४. त्याचे साडेतीन टक्के, अडीच मिलिबार. फवारा स्वतःच अडीच मिलिबारची वाफ सोडत होता, आणि मी नोझल उघडायला निघालो होतो. जेट आणि कंडेन्सर दोघेही निर्दोष होते. घरातल्या ग्लायकॉलमध्ये परके पाणी आले होते, एवढेच. दुसरा कूलर लाइनवर घेतला, टाकीतले ग्लायकॉल बदलले, आणि सकाळी आठपर्यंत काटा खाली आला. त्या रात्रीच्या चिपचा वेगळा ढीग पुढे बरेच दिवस गोदामात होता.

व्हॅक्यूम पडला की आपण सगळे धावतो ते जेटकडे, कारण आवाज त्याचा असतो. या पुस्तकातल्या बिघाडांच्या प्रकरणाची सुरुवात मी मुद्दाम सील टाकीपासून केली आहे.

ग्लायकॉलवर मी इतका रेंगाळलो, कारण मी आयुष्य त्यात काढले. पण कल्पना तेवढ्यापुरती नाही. पॉलिकार्बोनेट बनवण्याच्या एका पद्धतीत फिनॉल सुटते, तिथे फिनॉलच्या वाफेचे जेट असतात. फिनॉल ४१ अंशांना गोठते, म्हणून प्रत्येक पाइपला गरम जाकीट लागते आणि एक ट्रेसिंग बंद पडली की सगळे घट्ट. पीबीटी नावाच्या प्लास्टिकमध्ये ब्युटेनडायॉल असते, ते २० अंशांना गोठते, आणि त्याच्या जोडीने टेट्राहायड्रोफ्युरान तयार होते. हे ६६ अंशांना उकळते, म्हणजे फवाऱ्यात सहजी थांबत नाही, आणि त्याचा भार शेवटच्या पंपावर येतो. फोमचा कच्चा माल असलेल्या आयसोसायनेटच्या प्लांटांत तर स्टीमला दाराबाहेरच ठेवावे लागते. आयसोसायनेट आणि पाणी भेटले की युरिया तयार होतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाइप चोंदतात. त्या कुळातल्या एका रसायनाच्या टाकीत पाणी शिरल्यावर काय झाले, ते भोपाळने १९८४ च्या डिसेंबरमध्ये पाहिले. अशा ठिकाणी क्लोरोबेन्झिनसारख्या, प्रोसेसमध्ये आधीच असलेल्या सॉल्व्हंटच्या वाफेवर जेट चालवणे शहाणपणाचे असते.

आता दुसरी बाजू. प्रोसेसच्या वाफेचा जेट म्हणजे सर्वत्र चालणारे औषध नव्हे, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्या विक्रेत्यांपासून मी वाचकाला सावध करीन. स्टीम गळली तर भाजते. ग्लायकॉलची वाफ गळली तर पेटूही शकते. इव्हॅपोरेटर गरम तेलावर चालतो, आणि तेल जरुरीपेक्षा जास्त तापवले तर ग्लायकॉल बिघडते, पिवळे पडते, आणि तो रंग फिरून प्रोसेसमध्ये येतो. वाफ कोरडी नसेल तर तिच्यातले थेंब नोझल कुरतडतात, स्टोव्हच्या पिनेपेक्षा वेगाने. छोट्या बॅच प्लांटमध्ये, औषधांच्या इंटरमीडिएटसारख्या ठिकाणी, जिथे आज हे सॉल्व्हंट आणि उद्या ते, तिथे कोरडे स्क्रू पंप सरळ चांगले. आणि जेटची ऊर्जा-कार्यक्षमता, स्टीमचा असो वा ग्लायकॉलचा, अभिमानाने सांगावी अशी नसतेच. तरीही मोठ्या, वर्षानुवर्षे न थांबता चालणाऱ्या, एकच माल बनवणाऱ्या प्लांटमध्ये, जिथे प्रोसेसमधलेच द्रव मनासारखे उकळते आणि त्याची वाफ मनासारखी पुन्हा द्रव होते, तिथे मी डोळे मिटून जेट निवडीन. ज्यात हलणारे काही नाही त्यात मोडणारे कमी असते.

पुस्तक मराठीत का, असे दोन मित्रांनी विचारले. आमच्या शिफ्टच्या लॉगबुकांत ‘व्हॅक्यूम पडला’, ‘लेग चोकअप’, ‘बूस्टर घेतला, फरक नाही’ अशी वाक्ये मी पंचवीस वर्षे वाचली. प्लांटची भाषा ही आहे. तिच्यात जे सुचते तेच रात्री तीन वाजता उपयोगी पडते. इंग्रजी शब्द मी बदलले नाहीत. नोझल, डिफ्यूझर, सील टाकी हे आता आपलेच आहेत, आणि ‘निर्वात’ म्हटल्याने काटा खाली येत नाही. गणिते मात्र पूर्ण सोडवून दिली आहेत. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर आणि बाष्पदाबाचा तक्ता एवढे पुरे आहे. ज्यांना झोतातल्या धक्का-तरंगांचे सिद्धांत हवे आहेत त्यांनी चौथ्या प्रकरणापाशी थांबावे, आणि ज्यांना नको आहेत त्यांनी ते खुशाल ओलांडावे; पुढचे काही अडत नाही.

बॅरोमेट्रिक लेगच्या, म्हणजे कंडेन्सरमधून सील टाकीत उतरणाऱ्या उभ्या नळीच्या, उंचीबद्दल एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण त्यावर पत्रे येणार. पाण्याचा स्तंभ वातावरणाच्या दाबाला सव्वादहा मीटरच्या जरा पुढे जातो. ग्लायकॉल पाण्याहून सुमारे दहा टक्के जड असल्यामुळे त्याचा साडेनऊच्या आतच थांबतो. पण तुमच्या प्लांटमध्ये लेग कमी उंचीचा बांधावा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. टाकीत पाणी शिरले की द्रव हलके होते, आणि सुरुवातीला गरम असताना ते आणखी हलके असते. तो फरकाचा मीटरभर राखूनच ठेवावा.

पुस्तकातले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या जेटच्या डेटाशीटशी ते ताडून पाहावेत, आणि दोन्हींत फरक निघाला तर डेटाशीट खरी मानावी.